ट्रीनेल कशाची करावीत: बांबू, लाकूड की नुसतं फिलर?

लाकडी जहाजाच्या मॉडेलवर ट्रीनेल, म्हणजे फळ्या धरून ठेवणारे गोल लाकडी खिळे, करायची असतील तर आधी मॉडेलचं स्केल बघा. खऱ्या मोठ्या लाकडी जहाजांत ट्रीनेलची जाडी साधारण 25 ते 38 मिमी असे. म्हणजे 1:48 ला 0.5 ते 0.8 मिमी, 1:64 ला 0.4 ते 0.6 आणि 1:96 ला जेमतेम 0.3 ते 0.4. निम्मा निर्णय इथेच होतो.

0.5 मिमीच्या खाली काडी ओढायची तर बांबूला पर्याय नाही. त्याचे तंतू सरळ आणि लांब असतात, त्यामुळे ड्रॉप्लेटच्या (उतरत्या मापाची भोकं असलेली धातूची पट्टी) भोकातून ओढताना काडी तुटत नाही. दोन गाठींमधलं पेर घ्या, हिरवी साल काढून तिच्या लगतचा भाग वापरा; तिथे तंतू जास्त दाट असतात. काडी करवतीनं कापू नका, सुरीनं चिरा. दीड मिमीपर्यंत आली की टोक तासून पक्कडीनं ओढा, प्रत्येक भोकातून दोन-तीनदा. घाई करून मधलं भोक गाळलं की काडी अडकते आणि टोक हातात येतं. भोकाची धारदार कड ज्या बाजूला असेल तिथूनच काडी घाला. सोनारकामाच्या पट्टीत ही लहान तोंडाची बाजू, म्हणजे तार जिथून बाहेर येते ती. उलट्या बाजूनं घातली तर लाकूड तासलं न जाता नुसतं दाबलं जातं आणि पुढे गोंदाच्या ओलाव्यानं फुगतं.

बॉक्सवुड किंवा पेअर (नासपती) अशा लाकडाची काडी याच पद्धतीनं होते, पण 0.7 मिमीच्या आसपासच थांबलेलं बरं. तीही चिरूनच काढायची. करवतीनं कापलेल्या काडीत रेषा तिरप्या निघतात आणि ती नेमकी तिथेच तुटते. रंगाची निवड हा लाकडाचा खरा फायदा: फळीहून किंचित गडद लाकूड घेतलं की ट्रीनेलच्या टोकाचा ठिपका दिसतो, पण डोळ्यात खुपत नाही. टूथपिक मात्र विसरा. जाड असतात, आणि टोकाकडे निमुळत्या होत गेल्यामुळे प्रत्येक ठिपका वेगळ्या मापाचा येतो.

दोन्हींसाठी ड्रिल 0.05 मिमी मोठं घ्या. पीव्हीए (पांढरा लाकडाचा गोंद) फक्त काडीच्या टोकाला लावा. फळीवर सांडलेला गोंद लगेच ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर तेल लावल्यावर तिथे फिका डाग उरतो. अर्धा मिमी ठेवून छाटा आणि पूर्ण वाळल्यावरच घासा.

फिलर म्हणजे भोक पाडून त्यात लाकडाची भोकं बुजवायचा लगदा दाबायचा. काम झपाट्यानं होतं, पण जवळून पाहिलं तर ठिपका सपाट, निर्जीव वाटतो, कारण त्यात लाकडाचे तंतू नसतात. शिवाय फळीच्या छिद्रांत लगदा अडकून भोवती डाग पडतो, म्हणून भोकं पाडण्याआधी सीलरचा (लाकडाची छिद्रं बंद करणारा लेप) पातळ हात द्यावा. वाळताना फिलर आकसतं, तेव्हा दुसऱ्यांदा भरावं लागतं. 1:96 च्या डेकवर हेच घ्या, तिथे फरक कुणाला दिसणार! 1:48 च्या उघड्या फ्रेमवर (जहाजाच्या बरगड्या) मात्र नको. तिथे ट्रीनेल फळी धरून ठेवायचं कामही करतं आणि फिलरला ते जमत नाही.