१६ वर्षांच्या पोरासाठी लो-स्पीड ई-स्कूटर: गाडी बरीय, दुकानदारापासून जपा

अकरावीतल्या मुलाला गाडी द्यायची का नाही यावरनं आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी घर घेताना पण झाली नव्हती. शेवटी लो-स्पीड इलेक्ट्रिक घेतली, पावसाळा पण काढला तिच्यावर, म्हणून आता लिहिते. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, पुढे वाचलं की कळेल का ते, आणि तसंही या २५ च्या स्पीडवाल्या गाड्या बऱ्याचशा एकसारख्याच दिसतात, स्टिकर तेवढे वेगळे.

आधी हीच का घेतली ते सांगते. आम्ही साताऱ्यात गोडोलीत राहतो, पोराचा क्लास राजवाड्याकडं, सुटायला रात्रीचे साडेआठ. घरात ॲक्टिव्हा आहे, त्याला ती चालवता पण येते (कुणी शिकवली ते त्याच्या मामाला विचारा). पण कायद्यानं १६ ला लायसन मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, तेही आईबापानं संमतीची सही केली तर. आता ५० सीसीची पेट्रोल गाडी शोरूमला जाऊन मागून बघा, सेल्समन तोंडाकडं बघत राहील. पेट्रोलवाली लूना बंद होऊन जमाना झाला, कायद्यात मात्र ५० सीसी अजून आहेच. म्हणजे १६ ला लायसन मिळतं, त्या लायसनवर चालवायची गाडीच मिळत नाही!! आणि ॲक्टिव्हा ११० ची, तिला १८ शिवाय हातच लावायचा नाही.

"सगळेच चालवतात, काय होतंय" म्हणणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्यातलं, २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ एकदा वाचा. पोरगं १८ च्या आत गाडी चालवताना गुन्ह्यात सापडलं की दोषी धरतात पालकाला नाहीतर गाडीमालकाला, २५ हजार दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही, लर्निंग पण नाही. मला माहीत नव्हतं, मी दिली नव्हती, हे पालकानं सिद्ध करायचं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला त्या १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा टीव्हीवर सगळी चर्चा त्याला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाची झाली, पण आमच्या ह्यांच्या डोक्यात बसलं ते वेगळंच, की पोराच्या बापाला पण अटक झाली. दुसऱ्या दिवशी ॲक्टिव्हाची चावी कपाटात.

मग ही. मोटर २५० वॅटच्या आत, स्पीड २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, असं असेल तर केंद्राच्या नियमांत ती 'मोटार वाहन' धरतच नाहीत. म्हणून लायसन नको, पासिंग नको, नंबरप्लेट नको, इन्शुरन्सची सक्ती नाही. वयाची अट पण नाही, म्हणजे खरंच कुठलीच नाही, दुकानात सातवीतल्या मुलीसाठी घ्यायला आलेले लोक बघितले मी. कायद्यात चालतंय म्हणून सातवीतल्या पोरीला पोवई नाक्याच्या गर्दीत सोडणार असाल तर तुम्हाला कोपरापासून नमस्कार. हेल्मेटची पण सक्ती नाही, आमच्याकडं माझी सक्ती आहे.

गाडीबद्दल बोलायचं तर, साधारण पासष्ट हजाराला पडली चार्जर धरून. बिल माझ्या नावावर, कारण १८ च्या आतल्याचा करार कायदा धरत नाही, त्यामुळे हप्ते घ्या नाहीतर रोख द्या, सही तुमचीच लागणार. लेड ॲसिड बॅटरी घेतली, लिथियम बरीच महाग होती. साध्या प्लगला रात्री लावायची, सकाळी फुल्ल. दुकानात ७० किलोमीटर सांगतात, साताऱ्याच्या चढउतारावर ४० धरून चाला. नाक्यावरनं राजवाड्याकडं वर जाताना पोरगं एकटं असलं तर जाते निमूट, मी मागं बसले की गाडी म्हातारीसारखी कण्हत चढते, शेजारनं सायकलवाला पुढं गेला एकदा. यवतेश्वरच्या घाटाचं तर नावच काढू नका. ब्रेक बरे आहेत, हेडलाइट मंद आहे, आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांत मागचा शॉकअप पार खाली टेकतो. डिकीत दप्तर मावत नाही, पायाशी ठेवतो. हायवेवर न्यायची नाही असं बजावलंय, २५ च्या स्पीडनं पुणे-बंगळूर हायवेवर म्हणजे मागच्या ट्रकवाल्यालाच टेन्शन.

आता दुकान. डिलिव्हरीच्या दिवशी मेकॅनिकनं सीट उचलली, आत वायरींच्या गुंत्यात एक छोटा पांढरा कनेक्टर होता, तो दोन बोटांत धरून मला म्हणतो, "ताई, एवढं काढलं की चाळीस-पंचेचाळीस जातीया बघा, पोराला जरा मजा येईल, काढू?" पोरगं शेजारीच उभं, डोळे चमकले त्याचे. मी म्हटलं मग ती मोटार वाहन होईल ना, लायसन लागेल. तर काउंटरवरचे मालक हसत, "अहो काय नाय होत, सगळेच काढून नेतात."

इथं माझं टाळकं सरकलं. ज्या २५ च्या जोरावर तुम्ही मला गाडी विकली तेच तुम्ही दोन बोटांनी काढून देताय?? तो कनेक्टर काढला की त्याच गाडीला लायसन, पासिंग, इन्शुरन्स सगळं लागतं आणि आपल्याकडं त्यातलं काहीच नसतं, वरचं १९९अ पण आपल्याच डोक्यावर. उद्या कुणाला धडक बसली तर भरपाई खिशातनं, कारण इन्शुरन्सच नाही. आणि दुकानदार म्हणणार आम्ही तर २५ चीच दिली होती, बिल बघा. या असल्या बदल केलेल्या गाड्यांवर २०२२ मध्ये परिवहन खात्यानं राज्यभर मोहीम पण काढली होती, म्हणजे यांना माहीत नाही असं काही नाही.

मी तिथंच उभं राहून बिलावर 'स्पीडमध्ये कोणताही बदल केलेला नाही' असं लिहून शिक्का मारून घेतला, मालकांचं तोंड बघण्यासारखं होतं. एआरएआय किंवा आयकॅट या गाड्या तपासणाऱ्या संस्थांचं टेस्ट सर्टिफिकेट असतं, त्यात ही गाडी लायसन-पासिंगमधून सूट असलेली आहे असं मॉडेलच्या नावासकट लिहिलेलं असतं, ते पण भांडून घ्यावं लागलं, आधी "व्हॉट्सॲप करतो" चाललं होतं. त्याची झेरॉक्स डिकीत ठेवलीय आणि ती कामाला पण आली. नंबरप्लेट नाही म्हणून पोराला हवालदारसाहेबांनी अडवलं, त्यानं कागद दाखवला, त्यांनी मोटरवरची २५० वॅटची प्लेट वाकून बघितली आणि पहिला प्रश्न काय तर "वायर काढलीय का रे?" नाही म्हटल्यावर सोडलं. पोरगं घरी येऊन म्हणतं, "आई, त्यांना पण माहितीय वायरचं!"

त्याच्या वर्गातल्यांनी काढलीय म्हणे, त्यामुळे याची गाडी कायम मागं, चिडवतात त्याला. अधूनमधून मी सीट उचलून कनेक्टर बघते, विश्वास आहे पण १६ वर्षांचं पोरगं आहे शेवटी.

गाडीला ५ पैकी साडेतीन, दुकानाला एक, तो पण सर्व्हिसिंगचा मुलगा वेळेवर येतो म्हणून. चढावर घर असेल किंवा रोज डबलसीट जायचं असेल तर घेऊ नका. आणि पैशाचा हिशोब करताना एक धरा, बॅटरीची वॉरंटी आहे एक वर्षाची आणि आमचं पोरगं १८ चं व्हायला त्याहून जास्त दिवस आहेत, म्हणजे मधे एक बॅटरी सेट बदलायला लागू शकतो, तो खर्च दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.