पेटी दुरुस्ती, नांदेड: काम एक नंबर, तारखेचं काही खरं नाही

दादांची पेटी घेऊन गेलो होतो. तीस वर्षं भजनी मंडळात वाजवतात, देगलूर, बिलोली, मुखेड, जिथं सप्ताह तिथं दादा अन् जीपच्या टपावर पेटी, त्यामुळं भाता फाटलेला, एक कोपरा उंदरानं खाल्लेला अन् मधल्या सप्तकातला गंधार तर पार बसलेला. काका म्हणले सोमवारी या. सोमवारी गेलो तं पेटी उघडलेली बी नाही! तीन चकरा झाल्या, म्हणून एक स्टार कमी.

पण तिसऱ्या वेळी समोर बसवून काम केलं. गंधाराची पितळी पाती काढली, शेंड्याला कानस हळूच फिरवली की स्वर चढला, जरा जास्तच चढला मग बुडाशी घासून उतरवला. मोबाईलवर ट्यूनर लावू का विचारलं तं नुसतं हसले.

भिंतीवर तमिळ सिनेमातल्या संगीतकार इलयाराजाचा फोटो. म्हणलं काका, नांदेडात हे कसे काय? मग जी गाडी सुटली! तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातलं पन्नैपुरम, १९४३ चा जन्म, चौदाव्या वर्षी सावत्र भावाच्या, पावलर वरदराजनच्या मेळ्यात. तो मेळा कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचाराची गाणी घेऊन खेडोपाडी फिरायचा, म्हणजे आपल्याकडची शाहिरी कलापथकं असायची ना, तसंच. नेहरू गेले तेव्हा कण्णदासनच्या कवितेला लावलेली चाल ही त्याची पहिली चाल म्हणतात. १९६८ ला मद्रासमधी धनराज मास्तरांकडं पाश्चात्त्य संगीत शिकायला लागला, नंतर संगीतकार जी. के. व्यंकटेशच्या हाताखाली काम, अन् पहिला सिनेमा 'अन्नकिळी' पार १९७६ ला. "तेहतिशीत आला होता गडी," काका म्हणले, "अन् तुम्ही पोरं सहा महिन्यात क्लास सोडता." (मी चार महिन्यात सोडला होता, गप बसलो.)

मी नवीन पेटी घ्यायचं बोललो तं चिडलेच. लाकूड सागवानी आहे, भाता नवा टाकलाय, फक्त टपावर बांधू नका, मांडीवर घ्या म्हणले. पैसे बी सांगितले तेवढेच घेतले.

परवा काकड्याला दादांनी वाजवली, गंधार लागला तसं मृदंगवाल्यानं मान वर करून बघितलं.

जायचं असंल तं दुपारी जा, सकाळी शटर बंदच असतंय. अन् सोमवार म्हणले की गुरुवार समजा.