ट्रोम्सोच्या छोट्या गाडीतल्या फियॉर्ड सहली : शरदापासून मध्यरात्रीच्या सूर्यापर्यंत

नवऱ्याच्या विद्यापीठातल्या कामामुळे आम्ही गेल्या शरदापासून उत्तर नॉर्वेत, ट्रोम्सोला राहतो. भारतीय वाहन परवाना इथे रहिवासी झाल्यावर तीनच महिने चालतो, पुढे शिकणं आणि परीक्षा सगळं नव्याने. त्यामुळे आमच्याकडे गाडी नाही, आणि गावाबाहेर जाणाऱ्या बसच्या फेऱ्या मोजक्या. आजूबाजूचा मुलूख बघायचा तर सात-आठ प्रवाशांच्या व्हॅनमधून निघणाऱ्या दिवसाच्या सहली, हाच आमचा मार्ग ठरला. ऋतू बदलत गेले तसे आम्ही त्याच रस्त्यांवर पुन्हा पुन्हा गेलो. कधी दोघंच, कधी सांगलीहून आलेल्या सासूबाई-सासऱ्यांना घेऊन, कधी ओस्लोतल्या मैत्रिणीबरोबर. कंपन्या वेगळ्या, गाइड वेगळे. चार दिवसांसाठी येणाऱ्याला ही तुलना करता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

निकाल आधीच सांगून टाकते. या सहलींचे पैसे वसूल होतात, पण पैसे कशाचे मोजतोय हे माहीत हवं. डोंगर आणि समुद्र मोठ्या बसच्या काचेतूनही तेच दिसतात. छोट्या गाडीला जास्त पैसे द्यायचे ते गाडी मनात येईल तिथे थांबते म्हणून, आणि वारा फिरला तर गाइड तिथल्या तिथे रस्ता बदलू शकतो म्हणून. ज्या सहलीत या दोन गोष्टी मिळाल्या ती सोन्यासारखी झाली. जिथे मिळाल्या नाहीत तिथे आम्ही नुसतेच महागड्या गाडीत बसून आलो.

बहुतेक सहली क्वालोया बेटावर जातात. ट्रोम्सो शहर स्वतःच एका लहान बेटावर आहे. पश्चिमेचा पूल ओलांडला की क्वालोया, स्वालबार्ड सोडून नॉर्वेतलं आकाराने पाचवं बेट. रस्ता अरुंद, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला सरळ चढत गेलेला डोंगर. एर्सफियॉर्डच्या (फियॉर्ड म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) टोकाशी वसलेलं गाव, मग काटफियॉर्डची खिंड आणि तिथलं हिवाळ्यात गोठणारं तळं, आणि शेवटी एकेरी पुलाने जोडलेलं सोमारॉय, जिथे पांढऱ्या वाळूचे किनारे आहेत. समोर समुद्रात हाया नावाचं टोकदार बेट उभं आहे. शहरातल्या 1965 च्या आर्क्टिक कॅथेड्रलचा आकार या बेटावरून सुचला, असं इथले लोक सांगतात. दोन्ही बघितल्यावर ते पटतं.

जाताना डावीकडे होकोया बेट लागतं. 12 नोव्हेंबर 1944 ला ब्रिटिश बाँबफेकी विमानांनी ‘टिर्पिट्झ’ ही जर्मन युद्धनौका याच्या किनाऱ्याशी बुडवली, सुमारे हजार खलाशी गेले. बाँबचे खड्डे किनाऱ्यावर अजून आहेत. चांगला गाइड इथे गाडी बाजूला घेतो आणि पाच मिनिटं शांतपणे सांगतो. बाकीचे चालत्या गाडीतूनच बोट दाखवतात.

या रस्त्याला कडेने थांबायला जागा फार थोड्या. हिवाळ्यात त्यातल्याही अर्ध्या बर्फाखाली जातात. जिथे नांगरगाडीने बर्फ सारून कोपरा मोकळा केलेला असतो तिथे एक व्हॅन मावते, बस मावत नाही. म्हणूनच बसवाल्यांचे थांबे ठरलेले असतात, आणि वाटेत काहीही दिसलं तरी बस पुढेच जाते.

फेब्रुवारीत सासूबाई-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा काटफियॉर्डच्या अलीकडे रस्त्यालगत रेनडिअर दिसले. गाइड मुलीने गाडी अशाच एका कोपऱ्यात घातली, इंजिन बंद केलं, आणि कुणीही उतरायचं नाही, फक्त काचा खाली करा म्हणाली. हिवाळ्यात जनावराला पळवलं की त्याची साठवलेली ताकद वाया जाते, हे तिचं कारण. जनावरं पुढच्या खुराने बर्फ खणत होती आणि खड्ड्यात अख्खं तोंड घालून खालचं दगडफूल खात होती. वर आलं की नाकपुड्यांभोवतीच्या केसांवर बर्फाचे मणी. त्यातलं एक गाडीच्या अगदी जवळून गेलं तेव्हा पावलागणिक टक टक असा बारीक आवाज आला. सासरे पुटपुटले, “अगं, हिच्या पायात काही बांधलंय का?” गाइडला विचारलं, तर तो पायातल्या कंडरेचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचा, आवाज निघाला. चालताना ती हाडावरून सरकते आणि टक होतं. धुक्यात, बर्फात कळप एकमेकांच्या मागे राहतो त्याला या आवाजाचीही मदत होते म्हणे. ही जनावरं रानटी नाहीत, सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी कुटुंबांच्या मालकीची आहेत, कानाच्या कापावरून मालक ओळखतात. “तुमच्याकडे किती आहेत?” हे सामी माणसाला विचारू नये, ते असभ्य मानतात, हेही तिने सांगितलं. आम्ही तिथे चांगला अर्धा तास होतो. त्यापायी पुढचा एक थांबा गळला आणि कुणीही कुरकुर केली नाही.

रस्ता बदलण्याचंही तसंच. एका सकाळी निघतानाच गाइडने सांगितलं की वाऱ्यामुळे खिंड बंद आहे, सोमारॉय होणार नाही. गाडीतले निम्मे चेहरे उतरले. त्याने फोनवर रस्ते विभागाचा नकाशा सगळ्यांना दाखवला आणि गाडी उलट, आतल्या बाजूला काढली. बाल्सफियॉर्डच्या काठाने, पुढे सिग्नलडालेन खोऱ्यापर्यंत. बाहेरच्या किनाऱ्यावर वादळ होतं आणि आत पाणी अगदी निवांत, डोंगराचं प्रतिबिंब पडलेलं. दोन सुळक्यांचा ओटरटिंड डोंगर आम्हाला त्या दिवशी मिळाला तो केवळ या बदलामुळे. किनारा आणि आतला भाग यांत हवामानाचा एवढा फरक इथे नेहमीचा आहे. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे किनाऱ्यालगतचा समुद्र गोठत नाही, जानेवारीतही शहराचं सरासरी तापमान उणे तीन-चारच्या आसपास असतं. पण दीड-दोन तास आत गेलं की उणे वीसही सापडतं. त्यामुळे बुकिंगच्या पानावर मार्ग अगदी पक्का लिहिला असेल तर मला थोडी शंकाच येते. “हवामान बघून ठरवू” असं लिहिणाऱ्यांचा अनुभव आम्हाला बरा आला.

आता वाईट अनुभव. नाव घेत नाही. जाहिरातीत ‘आठ जणांचा गट’ होता आणि गाडीत आठच जण होते, हे खरं. पण अशा दोन गाड्या एकामागोमाग चालल्या होत्या, म्हणजे प्रत्येक थांब्यावर सोळा माणसं एकदम उतरायची. मधल्या रांगेतल्या मधल्या आसनावरून काही दिसत नव्हतं, काचांवर वाफ धरली होती, आणि गाइड चालवता चालवता कानातल्या फोनवर दुसऱ्या दिवसाची बुकिंगं जुळवत होता. निसरड्या रस्त्यावर हे मला अजिबात आवडलं नाही, आणि तसं मी त्याला सांगितलंही. म्हणून बुक करण्याआधी ईमेलवर तीन गोष्टी विचाराव्या: गाडीत आसनं किती आणि त्यातली भरणार किती, दुसरी गाडी बरोबर असते का, आणि गाइड व चालक एकच आहे का. काही जण सोळा आसनांच्या मिनीबसलाही छोटा गट म्हणतात.

कुठल्या महिन्यात यावं, यावर माझं मत ठाम आहे. बहुतेक मराठी मंडळी डिसेंबर मागतात, सुट्ट्या असतात म्हणून. 27 नोव्हेंबरच्या सुमारापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. अंधार चोवीस तास नसतो. दुपारच्या आसपास काही तास निळा-गुलाबी उजेड असतो आणि तो फार सुंदर असतो, मला तो आवडतो. पण दिवसाच्या सहलीसाठी तेवढा वेळ अपुरा पडतो, दुसऱ्या-तिसऱ्या थांब्याला पुन्हा काळोख. सूर्य शहरात परत दिसतो तो 21 जानेवारीच्या आसपास. त्या दिवशी इथे गोड गोळे खायची पद्धत आहे, बेकऱ्यांपुढे रांगा लागतात आणि ऑफिसातले लोकही खिडकीशी उभे राहतात. त्यानंतरचा फेब्रुवारी-मार्च हा माझ्या मते या सहलींचा खरा काळ. बर्फ भरपूर, सूर्य खालून तिरपा फिरतो, डोंगरांवर तासन्‌तास सोनेरी रंग, आणि रात्री अरोरासाठी, म्हणजे आकाशातल्या रंगीत उत्तर प्रकाशासाठी, पुरेसा काळोखही.

मार्चमध्येच मैत्रीण आली होती. ती मूळची वसईची. वाटेत मासे सुकवायच्या लाकडी मांडण्या दिसल्या तशी ती म्हणाली, “या तर आमच्या वलांड्याच!” गाइडने लगेच थांबवलं. हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून कॉड या किनाऱ्याला येतो, डोकं कापून दोन-दोन मासे शेपटीला सुतळीने बांधून टांगतात. मीठ लावत नाहीत. आमचे बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात आणि उन्हात काही दिवसांत होतात. इथे ऊन नाही, गार वाराच काम करतो, त्याला पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत वेळ लागतो. डोकी वेगळी सुकवून बरीचशी नायजेरियाला जातात. मैत्रीण खालून वास घेत, गाठी बघत फिरत होती, गाइडला वसईचं सांगत होती, आणि तोही मन लावून ऐकत होता. चाळीस जणांच्या बसमध्ये हे झालं नसतं.

उन्हाळ्याचं थोडक्यात. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही. रात्री दहाला निघून दोनला परतणाऱ्या सहली असतात. जूनमध्ये सोमारॉयच्या वाळूवर मध्यरात्री उन्हात बसलो, समुद्र हिरवा-निळा होता, खडकावर समुद्री गरुड. थंडीला घाबरणाऱ्या वडीलधाऱ्यांना जूनच सुचवते. मात्र तेव्हा अरोरा अजिबात दिसत नाही, हे आधी स्पष्ट सांगावं, नाहीतर घरचे हिरमुसतात.

अरोराची रात्रीची सहल हा वेगळा प्रकार आहे, त्याबद्दल इथे फार लिहीत नाही. ढग चुकवण्यासाठी गाड्या कधीकधी फिनलंडच्या हद्दीपर्यंत जातात, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा. परतायला पहाटेचे दोन-तीन वाजतात. गुडघे दुखणाऱ्यांना ते जड जातं. सगळे पैसे आणि सगळ्या रात्री अरोरावर लावून दिवसाची एकही सहल न करणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. आकाशाचं काही सांगता येत नाही, दिवस मात्र सहसा हातात काहीतरी देऊनच जातो.

खाण्याचं. बहुतेक सहलींत थर्मासमधलं गरम सूप, बिस्किटं आणि कोको मिळतो. सूप बऱ्याचदा माशाचं किंवा रेनडिअरचं असतं, त्यामुळे शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहा, आणि आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा. शाकाहाऱ्यांना गरम पाणी ओतून खायचं पाकीट देतात. ते खपून जातं, पण सासूबाईंनी डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, ती गाडीत सगळ्यांनी खाल्ली. तपकिरी गोड चीज लावलेलं वॉफल मिळालं तर सोडू नका.

स्वच्छतागृह ही खरी अडचण आहे. वाटेत ती फारच थोडी आणि हिवाळ्यात त्यातली काही बंद. निघण्याआधी गाइडला विचारून घ्या, लाजू नका. गावातल्या कुणाच्या अंगणात, बोटींच्या धक्क्यावर शिरायचं नाही. एर्सफियॉर्डच्या गावात पर्यटकांचा त्रास लोकांना होतो आणि ते साहजिक आहे, ती राहती घरं आहेत.

कपड्यांत अंगाला लागून लोकर, सुती अजिबात नको. सुती घामाने ओलं होतं आणि मग हुडहुडी थांबत नाही. बुटांना अडकवायचे लोखंडी काटे बऱ्याच कंपन्या देतात, नाहीतर शहरातल्या दुकानात मिळतात. थांब्यावर उतरताना पहिलं पाऊल पडतं ते चकचकीत बर्फावर, त्यामुळे साठीपुढच्यांनी काटे गाडीतच चढवावेत. गाड्यांच्या चाकांना मात्र खिळ्यांचे टायर असतात, इथे उत्तरेत 16 ऑक्टोबर ते 30 एप्रिल ते वापरायला परवानगी आहे, आणि सरावलेले चालक बर्फावरही सहज चालवतात. 135 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना वेगळं आसन लागतं, ते आधी मागून ठेवा. गाडी लागत असेल तर पुढची जागाही ईमेलनेच मागा, गाडीत बसल्यावर मागितली की मिळत नाही.

दर माणशी साधारण दीड ते दोन हजार नॉर्वेजियन क्रोन. चार जण असाल आणि त्यातल्या एकाला बर्फात चालवायची खरोखर सवय असेल तर भाड्याची गाडी स्वस्त पडेल. ती सवय नसेल तर हिवाळ्यात भाड्याची गाडी घेऊ नका, वळणावर समोरून नांगरगाडी आली की काय करायचं हे यूट्यूब बघून येत नाही.

सप्टेंबरात माझे आई-बाबा येतायत. तेव्हा खुरटी बर्चची झाडं पिवळी-लाल झालेली असतात आणि रात्रीही काळोख्या होऊ लागतात. फेब्रुवारीतल्या त्याच गाइड मुलीची सहल आम्ही ठरवून ठेवली आहे, आणि दुसरा दिवस मोकळा सोडलाय, वाऱ्या-पावसाने बेत फिसकटला तर पुढे ढकलता यावा म्हणून.