रोमन नाण्यांसाठी लूप: सराफ बाजारातली १० पटीची ट्रिपलेट

नाशिकच्या सराफ बाजारात सोनारी हत्यारांच्या दुकानात लूप, म्हणजे डोळ्याशी धरायचं छोटं भिंग, मागितली की बहुतेक वेळा दोन प्रकार समोर येतात. एक स्वस्तातली, ‘३०×, २१ मिमी’ असं कोरलेली. दुसरी १० पटीची ट्रिपलेट, म्हणजे तीन भिंगं जोडून केलेली, किंमत हजाराच्या आसपास. रोमन नाणी बघायची असतील तर दुसरीच घ्या. ३० पटीच्या भिंगाचं नाभीय अंतर जेमतेम ८ मिमी असतं. एवढ्या कमी अंतराचं भिंग २१ मिमी रुंद असूच शकत नाही, म्हणजे तो आकडा खोटा. पारख दुकानातच करा. आलेखाचा कागद २.५ सेंमीवर धरला की १० पटीत स्पष्ट दिसला पाहिजे. कडेच्या रेघा वाकता कामा नयेत आणि त्यांना रंगीत किनारही दिसता कामा नये. चांगल्या ट्रिपलेटमध्ये रेघा पार काठापर्यंत सरळ राहतात.

एवढी चिकित्सा लागते, कारण देनारियस हे रोमन नाणं म्हणजे १८-१९ मिमीची चांदीची चकती आणि तिच्यावरच्या बहुतेक दोषांचा निकाल एकाच प्रश्नावर लागतो: खूण वर आलेली आहे की आत गेलेली? ठशाला, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणाऱ्या साच्याला, तडा गेला की त्या फटीत चांदी शिरते आणि नाण्यावर उंच, वेडीवाकडी शीर उमटते. चकतीच फाटली तर भेग आत जाते, बहुधा काठापासून. दोन्ही दोष टांकसाळीतलेच, त्यांना घाबरायचं कारण नाही. गंजलेल्या ठशामुळे बारीक पुटकुळ्या वर येतात. ओतीव नकलेत गोल खड्डे असतात, कधी गोल मणीही. पण तिथे खरी खूण वेगळी. ठोकलेल्या नाण्यात धातू पसरताना काठाकडे धावणाऱ्या बारीक रेघा पडतात. नकलेत त्या पुसट होतात किंवा नसतातच, शिवाय काठावर कानस फिरवल्याच्या खुणा दिसतात.

वर की आत, हे लूपपेक्षा प्रकाश जास्त ठरवतो. टेबललॅम्प डावीकडून, नाण्याशी १५-२० अंशांत ठेवा. सावली दिव्याकडच्या बाजूला पडली तर खड्डा, पलीकडे पडली तर उंचवटा. मग नाणं ९० अंशांत फिरवून पुन्हा बघा. यूएसबी मायक्रोस्कोप आम्हाला इथेच निरुपयोगी वाटतो: त्याच्या एलईडींचं कडं चहूबाजूंनी उजेड टाकतं आणि सावलीच मारून टाकतं. फोटोला ठीक, निदानाला नाही.

काही खुणा दोष वाटतात, पण त्या नाण्याचा इतिहास असतात. अर्धचंद्र किंवा ठिपक्यांचे छोटे ठोके म्हणजे चांदी तपासणाऱ्यांचे शिक्के. भारतात सापडलेल्या ऑगस्टस-तिबेरियसच्या काही नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा आडवा घाव असतो. एखाद्या नाण्याच्या मागच्या बाजूला पुढचाच चेहरा उलटा आणि खोलगट दिसला, तर आधीचं नाणं ठशात अडकून राहिलं होतं. मुलामा फुटून आतलं तांबं हिरवं डोकावत असेल तर ती त्या काळातली मुलाम्याची नक्कल. एका छापावर दुसरी छाप कशी ओळखायची, याचा उत्तम धडा आपल्या जवळच आहे: नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली सापडलेली क्षत्रप राजा नहपानाची चांदीची नाणी. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मारली आणि खालचा चेहरा अनेकांवर अजून दिसतो.

तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली, ती टाचणीने निघाली आणि काही दिवसांत परत आली, तर तो क्लोराइडचा रोग, म्हणजे क्लोराइडमुळे वाढत जाणारा गंज. ते नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं, कोरड्या डबीत ठेवा.

लूपच्या तक्रारी दोन. चकचकीत क्रोमची चौकट उजळ चांदीवर चमक पाडते, म्हणून काळी चौकट मागून घ्या. आणि बिजागरीचा स्क्रू वापराने सैल होतो. घड्याळजीच्या पेचकसाने तो अधूनमधून आवळावा लागतो.