अर्धा डॉलर की गुलाबी चिप?

लास वेगासच्या कॅसिनोत, ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर, 5 डॉलर लावून ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच एकवीस) लागला, की कॅसिनोने 3:2 च्या हिशेबाने साडेसात द्यायचे. वरचे पन्नास सेंट कशात द्यायचे? केनेडींची छबी असलेलं अर्ध्या डॉलरचं नाणं 11.34 ग्रॅमचं, खणखणीत, बाहेरही चालणारं. पण 2002 पासून बरीच वर्षं ते संग्राहकांपुरतंच पाडलं गेलं. दुसरा पर्याय अडीच डॉलरची चिप, म्हणजे कॅसिनोत पैशांऐवजी चालणारी चकती: पाचाची एक आणि ही एक, झाले साडेसात. ही चिप, बहुधा गुलाबी, इतर चिपांच्या चळतीत नीट बसते. मात्र कॅसिनोबाहेर तिला कोण विचारतो! सोय चिपचीच, मजा मात्र नाण्याची. हल्ली अनेक टेबलांवर 6:5 चा दर आलाय: पाचावर सरळ सहा. सुट्ट्यांची कटकट मिटली, पण खेळणाऱ्याच्या पदरात दीड डॉलर कमीच पडतो.