डॅशबोर्डला उन्हाच्या भेगा: बुजवायच्या, मढवायचा की बदलायचा?

भेगाळलेल्या डॅशबोर्डचं काय करायचं, याचा हिशोब बहुतेक जण खर्चापासून सुरू करतात. मी म्हणेन, आधी दोनच गोष्टी पाहा: डॅशबोर्ड कशाचा बनलाय, आणि भेग डावीकडच्या एअरबॅगच्या जागेवरून जाते का. एवढं कळलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात. पैशांचं गणित त्यानंतर.

पहिली गोष्ट बोटाने कळते. वरचा भाग अंगठ्याने दाबा. दबला नाही आणि टकटक वाजला, तर ते साच्यात घडवलेलं कडक प्लॅस्टिक. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये हेच असतं. एखादं पॅनेल काढून मागची बाजू पाहिली तर ‘पीपी-टीडी २०’ असा काहीसा शिक्का सापडतो. म्हणजे २० टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड) मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन. थोडा दबला, तर वर पीव्हीसीची किंवा तत्सम पातळ कातडी, खाली फोम आणि त्याखाली कडक सांगाडा.

या दोघांचं फाटणं वेगळं असतं. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते हळूहळू उडून जातं. जुन्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून जो तेलकट पापुद्रा साचतो, त्यात ते असतं. ते गेलं की कातडी आकसते, ठिसूळ होते आणि जिथे ताण जास्त तिथे फुटते: एसीच्या झरोक्याचे कोपरे, स्पीकरची जाळी, स्क्रूची जागा. कडक प्लॅस्टिक उन्हाने आधी पांढरट पडतं, आणि चिरलंच तर बहुधा एखाद्या घट्ट आवळलेल्या स्क्रूपाशी किंवा काचेलगतच्या पातळ पट्टीत चिरतं.

किती तापतो हा भाग? अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात उन्हात आणि सावलीत उभ्या केलेल्या गाड्यांची मोजणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. बाहेर ३८ अंशांच्या पुढे असताना उन्हात तासभर ठेवलेल्या गाड्यांचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला होता, सावलीतल्या गाड्यांचा ४८ वर. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे तर मे महिन्यात ४५ अंश ही नित्याचीच गोष्ट. सव्वा मीटर लांबीचं प्लॅस्टिक पन्नास अंशांच्या फरकाने काही मिलिमीटर लांबतं आणि रात्री पुन्हा आखडतं. तुम्ही भेगेत जे काही भराल, त्याला ही ओढाताण रोज सोसायची आहे. सगळी तुलना या एका कसोटीवर करायची.

भेग बुजवणे

सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात जास्त अपेक्षाभंग करणारा पर्याय. एपॉक्सीची पुट्टी किंवा झटपट गोंद भरून वर काळा रंग मारला की दिवाळीपर्यंत छान दिसतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याच बाजूला नवी भेग उघडते, कारण भरलेला भाग कडक राहतो आणि शेजारची कातडी आकसतच असते.

नीट करायचं तर भेगेच्या उचललेल्या कडा कापून टाकाव्या लागतात, भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडावं लागतं म्हणजे ती पुढे धावत नाही, लवचीक फिलर भरून घासावा लागतो, वर दाण्यांचा (मूळ खरखरीत पोत आणणारा) स्प्रे आणि मग व्हिनाइलचा मॅट रंग. इतकं करूनही मूळ दाणा तंतोतंत जुळत नाही. तिरक्या उन्हात डाग दिसतो. पॉलिप्रॉपिलीनला तर काहीच सहजी चिकटत नाही. त्यासाठी खास प्रायमर हवा, नाहीतर त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या काडीने वेल्डिंग. आणि आधी वर्षानुवर्षं चकचकीत सिलिकॉन पॉलिश चोळलेलं असेल, तर ते पूर्ण काढल्याशिवाय रंग धरतच नाही.

भेग एकच असेल, बोटभर लांबीची, एअरबॅगपासून दूर, आणि बाकी कातडी अजून मऊ असेल तरच मी या वाटेने जाईन. नखाने दाबल्यावर कातडी कुरकुरली तर पैसे घालू नका.

रेक्झिन किंवा लेदरेटने मढवणे

एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीसाठी माझा कौल निःसंकोच याला. १९७६ ते १९८५ दरम्यानची मर्सिडीज डब्ल्यू १२३ घ्या. तिचे डॅशबोर्ड भेगांसाठी जगभर बदनाम आहेत. अमेरिकेत अशा गाड्यांवर चिकटवायच्या तयार प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात, पण तिथल्या टोप्या डाव्या स्टिअरिंगच्या. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीवर मीटरचा उंचवटा भलत्याच बाजूला येतो. शिवाय टोपी सिलिकॉनने एकदा चिकटवली की पुन्हा खालचा भाग दुरुस्त करायची सोय उरत नाही. अशा गाडीला हाताने मढवणारा चांगला कुशनवाला हाच खरा आधार.

चांगलं काम कसं चालतं ते एकदा उभं राहून पाहावं. डॅशबोर्ड गाडीतून बाहेर काढून टेबलावर येतो. भेगांच्या कडा वाळत घातलेल्या पापडासारख्या वर वळलेल्या असतात. कारागीर त्या पात्याने छाटतो, आणि खालून पिवळा फोम भुकटी होऊन सांडतो. खड्डे भरून, घासून पृष्ठभाग सलग केल्यावर त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा नवा फोम बसतो. लेदरेटचे तुकडे आधी कागदावर बेतून, शिवून घेतलेले असतात. दोन्ही पृष्ठभागांना गोंद लावून तो बोटाला जेमतेम चिकटेल इतका सुकू देतात, मग मधूनच सुरुवात करून हीटगनने ऊब देत बाहेरच्या दिशेला ओढत नेतात.

खरी परीक्षा मीटरच्या उंचवट्याखालच्या खोलगट भागात होते. तिथे कापड ताणून बसवलं तर ते सतत वर उठायला बघतं, आणि सत्तर अंशांना साधा रबरी गोंद हार मानतो. म्हणून तिथे जोड घेतलाय का आणि गोंद उष्णता सोसणारा आहे का, हे दोन प्रश्न विचाराच. डॅशबोर्ड न काढता ‘जागेवरच करून देतो’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नये. कडा मागे दुमडताच येत नाहीत.

रंग मॅट आणि गडद घ्या. फिकट किंवा चकचकीत लेदरेटचं प्रतिबिंब भर दुपारी पुढच्या काचेत दिसतं आणि समोरचा रस्ता धूसर होतो. काचेखालच्या डिफॉगरच्या फटी पूर्ण मोकळ्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर पावसाळ्यात घाटात काच धुरकटते तेव्हा हवा पोचत नाही. ऑटोमॅटिक एसी असेल तर वरचा छोटा काळा घुमट हा उन्हाचा सेन्सर आहे, तोही झाकू नका.

एअरबॅगवरची भेग

इथे मात्र तडजोड नाही. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग आणि २०२१ अखेरीस शेजारच्या सीटचीही सक्तीची झाली; त्याआधीच्याही कित्येक गाड्यांत दोन्ही आहेत. डावीकडची बॅग डॅशबोर्डमधूनच बाहेर येते. काही गाड्यांत झाकणाची रेघ दिसते. काहींत वरून अखंड दिसणारी कातडी मागून मुद्दाम अर्धवट चिरलेली असते, म्हणजे ठरलेल्या जागी ती क्षणार्धात फाटावी. त्यावर फिलर भरला, लेदरेट ताणलं किंवा टोपी चिकटवली तर बॅग कुठून आणि कशी बाहेर येईल याचा भरवसा उरत नाही. भरलेले तुकडे माणसाच्या तोंडावर येऊ शकतात. त्या भागात भेग असेल तर निवड फक्त दुसऱ्या गाडीतून काढलेला जुना की नवा मूळ डॅशबोर्ड एवढीच. ‘तेवढ्या जागेपुरतं ब्लेड मारून ठेवतो’ हे उत्तर स्वीकारू नका.

बदलायचा तर जुना की नवा

मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ अशा ठिकाणी चौकशी केली तर चालू मॉडेलचा काढलेला डॅशबोर्ड बऱ्याचदा मिळतो. अडचण सरळ आहे: त्यानेही तितकेच उन्हाळे खाल्लेले असतात. म्हणून वर्षापेक्षा गाडी कुठे उभी असायची ते विचारा. एअरबॅगचं झाकण फाटून पुन्हा सांधलेलं दिसलं, तर ती अपघाताची गाडी समजून सोडून द्या. व्हेरियंटही जुळवा, एसीच्या बटणांची आणि स्टीरिओची जागा एकाच मॉडेलमध्ये बदललेली असते.

नवा पार्ट नंबरवरून मागवावा लागतो आणि पुष्कळदा नुसतं रिकामं पॅनेल येतं. झरोके, ग्लोव्ह बॉक्स, पट्ट्या जुन्याच चढवायच्या. त्यामुळे पार्ट आणि लेबर यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. लेबर जड असणारच: बॅटरी काढून काही मिनिटं थांबायचं, मग स्टिअरिंग, मीटर, बाजूचे ट्रिम, वायरिंग, सगळं सुटतं. स्टिअरिंगमागची स्पायरल केबल (स्टिअरिंग फिरतानाही हॉर्न आणि एअरबॅगची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी) मध्यावर न ठेवता बसवली तर ती तुटते; हॉर्न बंद पडतो, एअरबॅगचा दिवा पेटतो. जुन्या क्लिपा तुटल्या की खडखड सुरू होते, म्हणून नव्या क्लिपांचा संच आधीच सांगून ठेवा.

विम्याची आशा धरू नका. झिजेचा आणि काळाने झालेल्या खराबीचा दावा मोटार विम्यात बसत नाही. अपघातात फुटला तरी साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. नव्या डॅशबोर्डचं अंदाजपत्रक हातात आलं की पॉलिसीवरचा आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) शेजारी ठेवून बघा. गाडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल आणि भेगा एअरबॅगपासून लांब असतील, तर झरोके आणि एअरबॅगची जागा मोकळी सोडणारी त्या मॉडेलची बेतलेली मॅट टाकून चालवणं हा पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे. घासत बसणारी, काचेपर्यंत सरकणारी सैल मॅट मात्र नको.

काहीही केलं तरी काचेला परावर्तक पडदा लावा आणि शक्य तिथे सावली शोधा. गडद फिल्मचा मोह टाळा. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे.

मढवून घेतलं असेल तर गाडी ताब्यात आल्यावर लगेच तीन-चार दुपारी ती पडदा न लावता उन्हात उभी करा आणि दर संध्याकाळी मीटरखालचा खोलगा, झरोक्यांचे कोपरे आणि काचेलगतची कड बोटाने चाचपा. कापड उचललं असेल तर ते याच दिवसांत उचलतं, आणि काम ताजं असताना कारागीर ते विनातक्रार परत बसवून देतो.