मल्टिपॅक फुटू नये म्हणून: श्रिंक रॅप, पॉलीबॅग, खोका की सुटाच माल?

तीन शाम्पूंचा सेट वेअरहाऊसला पाठवला आणि ग्राहकाच्या हाती एकच बाटली पडली, की पहिला राग येतो तिथल्या माणसांवर. पण मुद्दाम सेट फोडायला तिथे कुणाला वेळ नसतो. माल उतरवून घेणाऱ्याने स्कॅनर रोखला, पारदर्शक फिल्ममधून आतल्या बाटलीचा बारकोड दिसला, बीप वाजला आणि सिस्टीममध्ये सुट्या बाटल्या जमा झाल्या. पुढे ऑर्डर आली की उचलणारा स्क्रीनवर दिसतं तेवढंच उचलणार. म्हणून वेष्टण निवडताना ते किती मजबूत आहे हे मी नंतर बघतो. आधी बघतो, आतले बारकोड झाकले जातात का.

श्रिंक रॅप, म्हणजे गरम हवेने आवळून बसणारी प्लास्टिक फिल्म, या परीक्षेत सपशेल नापास होतं, कारण त्यातून आरपार दिसतं. बाटल्यांचे बारकोड आतल्या बाजूला वळवून ठेवायची युक्ती अनेक जण करतात. गोल बाटल्या गरम हवेत फिल्म आवळताना हमखास फिरतात आणि एखादा बारकोड बाहेर डोकावतोच. त्यामुळे प्रत्येक नगावर अपारदर्शक कोरं स्टिकर लावायला पर्याय नाही. काम कंटाळवाणं आहे, तरी मला श्रिंक रॅपच आवडतं: सेट घट्ट बसतो, आणि कुणी उघडला तर लगेच कळतं. परत आलेल्या मालात तीनचे दोन झालेत का, हे ओळखायला याचा फार उपयोग. पीव्हीसी फिल्म थंडीत ठिसूळ होते, पॉलीओलेफिन जास्त चिवट. चॉकलेट किंवा मेणाच्या वस्तूंना मात्र ही उष्णता नकोच.

पॉलीबॅग स्वस्त, मशीनही लागत नाही. पण सेलोटेपने बंद केलेली पिशवी बघणाऱ्याला 'सुट्या वस्तू भरून ठेवल्यात' अशीच वाटते. पिशवी घ्यायचीच तर उष्णतेने सील करा. ॲमेझॉनच्या एफबीएमध्ये (विक्रेत्याचा माल ॲमेझॉनच साठवून ग्राहकाला पाठवते ती सेवा) पिशवीचं तोंड ५ इंच किंवा त्याहून मोठं असेल तर गुदमरण्याच्या धोक्याची सूचना छापावी लागते. आणि वेष्टण कुठलंही असो, 'हा सेट आहे, वेगळा करू नका' अशा अर्थाचं लेबल सेटवर हवंच.

छापील खोका सगळ्यात महाग, आणि जागाही जास्त खातो, म्हणजे साठवणुकीचं भाडं वाढलं. पण आतलं काहीच दिसत नसल्याने स्कॅनरला चुकायला वावच उरत नाही. नाजूक किंवा भेट म्हणून विकायच्या वस्तूंना मी डोळे झाकून खोका सुचवेन. रबरबँड किंवा कागदी पट्टीचा विचारही करू नका.

चौथा मार्ग म्हणजे सेट बांधायचाच नाही. वेअरहाऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये किट तयार करायचं आणि ऑर्डर आल्यावर तीन नग उचलून एकत्र पाठवायचे. स्टॉक सेटमध्ये अडकून पडत नाही, फुटायलाही काही नसतं. पण प्रत्येक नग उचलायचे वेगळे पैसे लागत असतील तर हिशोब झटकन उलटा पडतो, आणि माल दोन गोदामांत विभागला असेल तर ग्राहकाला दोन पार्सलं जातात. सेट अधूनमधूनच विकला जात असेल तर हे ठीक. रोज खपणारा सेट आधीच बांधलेला बरा.

बांधलेल्या सेटला स्वतःचा बारकोड लागतो. सुट्या नगाचाच वर चिकटवला तर वेष्टणावरचा खर्च पाण्यात. बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ या संस्थेच्या नियमानुसारही पॅकमधली संख्या बदलली की जीटीआयएन, म्हणजे बारकोडमागचा वस्तूचा क्रमांक, नवा घ्यावा लागतो. पाठवणीच्या कागदावर २४ सेट लिहायचे असताना ७२ नग लिहिणं ही दुसरी नेहमीची चूक, आणि ती आपल्याच टेबलावर होते.

पहिल्या खेपेला १२ च सेट पाठवा. स्टॉकमध्ये ३६ दिसले तर उरलेला माल पाठवूच नका.